आधी मोजणी, मग बचत, मग भिंत



गेल्या वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की मी तिथेच सतरंजीवर अर्धा-पाऊण तास कागद घेऊन बसत असे. नोकरीने मी कारकून. ज्याला जे येते ते त्याने समाजाला द्यावे. मला अर्ज लिहिता येतात. कोणाचा जातीचा दाखला, कोणाचे निराधार योजनेचे प्रकरण, पण सर्वांत जास्त गर्दी घरकुलाच्या अर्जांची.

एका रविवारी आमच्या वस्तीतल्या एक आक्का आल्या. वय साठीच्या पुढे. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेले कागद. घरकुलाचा अर्ज तीन वेळा परत आलेला आणि तिन्ही वेळा कारण एकच: ज्या जागेवर घर उभे आहे तिचा उतारा अजून सासऱ्यांच्या नावावर. सासरे वारले, मागून नवराही वारला, पण ग्रामपंचायतीत वारसाची नोंद लावायला कोणी गेलेच नाही. घर धाब्याचे. आपल्या खानदेशात ज्यांनी धाब्याच्या घरात पावसाळे काढले त्यांना सांगायला नको की रात्री कोणकोणत्या कोपऱ्यात पातेली मांडावी लागतात.

मी कागद चाळत असताना आक्कांनी विचारले, "भाऊ, मना नाववर काय शे?"

माझ्या नावावर काय आहे? चाळीस वर्षे त्या घराच्या भिंती सारवल्या, दरवर्षी मिरगाच्या आधी धाब्यावर माती चढवली, मुलांची लग्ने त्याच अंगणात केली. पण कागदोपत्री त्या बाईच्या नावावर काहीच नव्हते. मी गप्प बसलो. वीस वर्षे मी या वस्तीत अर्ज लिहितो आहे, पण बाईमाणसाच्या नावावर काय आहे हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता, ही लाज जास्त होती.

त्या रात्री मला मुंबईतल्या भायखळ्याच्या बायकांची हकिकत आठवली. आपल्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडची माणसे पोटासाठी सुरतेला जातात, उसाच्या तोडीला गुजरातेत उतरतात, तशी देशभरातली माणसे मुंबईला गेली आणि जागा नाही म्हणून फुटपाथवर राहिली. भायखळ्याच्या बायका त्यांच्यातल्याच. ज्यांच्या पायाखाली स्वतःची वीतभर जमीन नव्हती त्यांनी घर कसे मिळवले, हे आपण समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे निदान उभे राहायला जागा तरी आहे.

गोष्ट सुरू होते १९८१ च्या जुलै महिन्यात. मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले. फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवून द्यायचे, असे सरकारने जाहीर केले. भर पावसात झोपड्या तोडल्या गेल्या, माणसे बसमध्ये कोंबून शहराबाहेर सोडली गेली. याविरुद्ध काही झोपडीवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर कोर्टात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड.

हा निकाल दोन तोंडांचा होता. एका बाजूने न्यायालय म्हणाले की घटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा जो हक्क आहे त्यात उपजीविकेचा हक्क येतो, कारण रोजी काढून घेतली तर माणूस जगणार कसा? बाबासाहेबांच्या राज्यघटनेचा असा अर्थ देशातल्या सर्वोच्च पीठाने लावला, ही मोठी गोष्ट. पण दुसऱ्या बाजूने असेही ठरले की फुटपाथ चालण्यासाठी आहे, त्यावर कायम राहण्याचा हक्क कोणाला नाही. नोटीस देऊन महापालिका झोपड्या काढू शकते. फक्त पावसाळा जाऊ द्यावा, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबावे. याचा अर्थ, हक्क पुस्तकात आला पण पावसाळा संपला की हातोडा ठरलेला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८४ मध्ये, मुंबईत एक छोटी संस्था निघाली होती. नाव लांबलचक इंग्रजी, पण लोक तिला 'स्पार्क' म्हणतात. शीला पटेल, सेलिन डिक्रूझ, प्रेमा गोपालन अशा काही कार्यकर्त्या त्यात होत्या. यांपैकी काहींनी आधी नागपाड्याच्या एका जुन्या समाजसेवा केंद्रात काम केले होते. त्यांच्या ध्यानात आले की केंद्रात बालवाडी आहे, शिवणवर्ग आहे, पण बाहेर फुटपाथवर राहणारी बाई आत यायला धजत नाही. म्हणून त्या बाहेर पडल्या. भायखळ्याला महापालिकेच्या दवाखान्याच्या आवारात एक मोटार ठेवायची गॅरेज मिळाली. तेच ऑफिस. टेबल-खुर्चीचा दिमाख नाही, दार उघडे, खाली बसायचे. फुटपाथवरची बाई कडेवर मूल घेऊन कधीही आत येऊन बसू शकत होती. मोठी इमारत असती तर ती दारातूनच परत गेली असती.

आता पाहा, हातोडा पडायला थोडेच महिने आहेत. अशा वेळी आपण काय केले असते? मोर्चा काढला असता, निवेदन दिले असते. त्यात वाईट काही नाही. आपला समाज मोर्च्यांनीच जागा झाला. पण या बायकांनी आणि संस्थेने आणखी एक काम केले. त्यांनी माणसे मोजली. सरकार म्हणत होते, हे उपरे आहेत, आज आले उद्या जातील. खरे काय ते कोणाच्याच वहीत नव्हते, कारण फुटपाथवरच्या माणसाला नकाशात घर नाही आणि शिरगणतीत जागा नाही. मग १९८५ मध्ये भायखळ्याच्या परिसरात आणि मुख्य रस्त्यांवर फिरून सुमारे ६,००० कुटुंबांची, म्हणजे सुमारे २७,००० माणसांची माहिती लिहून काढली. त्या अहवालाला नाव दिले 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाचे. त्यातून दिसले की ही माणसे भिकारी नाहीत, कष्टकरी आहेत. कामाच्या जागी पायी जाता यावे म्हणून फुटपाथवर राहतात. आणि वर्षानुवर्षे राहतात. जी माणसे कागदावर नव्हती ती पहिल्यांदा कागदावर आली, आणि तीही त्यांच्याच मदतीने.

बांधवांनो, मी बी.कॉम. झालो तेव्हा आम्हाला ताळेबंद शिकवला. एका बाजूला देणी, दुसऱ्या बाजूला मालमत्ता. पण ताळेबंदाच्या आधी रोजकीर्द लागते. जे रोजकीर्दीत लिहिले नाही ते ताळेबंदात येत नाही. गरिबाचे नेमके इथेच अडते. त्याचे कष्ट कोणाच्याच रोजकीर्दीत नसतात.

मोजणी झाल्यावर १९८६ मध्ये बायकांची संघटना उभी राहिली, तिचे नाव 'महिला मिलन'. भायखळ्याच्या काही रस्त्यांवरच्या पाच-सहाशे बायका. त्यांत मुसलमान होत्या, दक्षिणेतून आलेल्या दलित होत्या, मराठी होत्या. सुरुवातीची कामे साधी होती: रेशनकार्ड मिळवणे, पोलीस चौकीत जाऊन न घाबरता बोलणे, महापालिकेची तोडायची गाडी आली तर काय करायचे ते ठरवणे. गाडी आली की रडारड करायची नाही. आपली झोपडी आपणच सोडवून बांबू, पत्रे, भांडी बाजूला काढायची, म्हणजे सामान जप्त होत नाही आणि गाडी गेली की पुन्हा उभे राहता येते. ही युक्ती त्यांनी अनुभवातून काढली.

याच सुमारास त्यांना जॉकिन अर्पुथम भेटले. हा माणूस स्वतः झोपडपट्टीतला. मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती होती. अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून आणीबाणीत, १९७६ मध्ये, ती उठवली आणि माणसे चीता कॅम्पला नेली. जॉकिन यांनी ती वस्ती वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि हरले. त्या हरण्यातून ते शिकले की 'तोडू नका' एवढे म्हणून भागत नाही. 'मग काय करा' हेही आपल्याकडे तयार पाहिजे. झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांनी उभा केला. वर्षानुवर्षे पुरुषांच्या सभा घेणाऱ्या या कार्यकर्त्याने पुढे बायकांच्या हाती कारभार दिला, हे मला विशेष वाटते. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग आली बचत. घरासाठी बचत, रोजची, एक-दोन रुपयांची. बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते, तेव्हा हिशेब कसा ठेवायचा? त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे केले. प्रत्येक रंगाची किंमत ठरलेली. प्रत्येक बाईला एक पिशवी. पैसे दिले की त्या रंगाचा तुकडा पिशवीत. अंगठेबहाद्दर बाईलाही आपली शिल्लक स्वतः मोजता येई. मी वीस वर्षे खतावण्या लिहिल्या, पण यापेक्षा चोख खतावणी पाहिली नाही. हिशेब खरा तोच, जो पैसेवालीला स्वतःला वाचता येतो.

या बचतीने घर लगेच झाले नाही. एक रुपयाने मुंबईत घर होत नाही हे त्यांनाही कळत होते. पण रोज पैसे गोळा करणारी बाई रोज प्रत्येक दारात जाते. कोणाचा नवरा आजारी, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण पिऊन मारतो, हे तिला कळते. पैशाबरोबर माहिती गोळा होते, आणि माहितीबरोबर विश्वास.

नंतर या बायका मुंबईत मोकळ्या जमिनी बघत हिंडल्या. सरकार म्हणे जमीनच नाही. यांनी पाहून यादी केली. मग घराचा आराखडा. आर्किटेक्टने कागदावर काढलेले त्यांना कळेना, म्हणून साडीने माप घेतले. साडी किती लांब, किती उंच, हे प्रत्येकीला ठाऊक. त्यांनी मागितले ते घर असे: १८० चौरस फुटांचे, पण उंची १४ फूट, म्हणजे आत माळा काढता येतो, खाली स्वयंपाक आणि कामधंदा, वर मुलांचे झोपणे. संडास घरात नको, काही कुटुंबांत मिळून बाहेर. कारण एवढ्याशा घरात संडास घेतला तर राहायचे कुठे? मग कापड आणि लाकूड लावून खऱ्या मापाचे घर भायखळ्यात उभे केले, आणि अधिकाऱ्यांना, शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. फुटपाथवरची बाई साहेबाला स्वतःच्या घरात बोलावून सांगते आहे, की हे आमचे घर, एवढा खर्च, एवढे आम्ही भरू, तुम्ही जमीन द्या. भीक मागणारा असा बोलत नाही.

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. परळच्या बी.आय.टी. चाळीत ते वीस-बावीस वर्षे राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने मुंबई सुधारणेसाठी जे ट्रस्ट काढले त्याच्या या चाळी. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आलेल्या त्या माणसाने त्या छोट्या खोल्यांतून आपला समाज उभा केला. पुढे दादरला राजगृह बांधले तेव्हा कुटुंबाइतकाच विचार ग्रंथांचा केला. घर कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे. मग किती फूट, हे ठरते.

आता शेवट सांगितला पाहिजे, नाहीतर ती परीकथा होईल. भायखळ्याच्या बायकांना घर लगेच मिळाले नाही. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाचे नवे धोरण आले, त्यात फुटपाथवर राहणाऱ्यांनाही घराचा हक्क मान्य झाला, आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा नियम आला. १९९८ मध्ये बांधकामासाठी नफा न घेणारी वेगळी कंपनी काढली. मग मानखुर्दला मिलन नगर उभे राहिले. पहिल्या बैठकीपासून किल्ली हातात पडेपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गेली. ज्यांनी पहिला रुपया टाकला त्यांतल्या काहीजणी किल्ली पाहायला उरल्याही नसतील.

आणि सगळे गोडही नाही. मानखुर्द-गोवंडीकडे पुनर्वसनाच्या काही वसाहती अशा झाल्या की इमारतीला इमारत खेटलेली, खालच्या मजल्यांना ना ऊन ना वारा, आणि क्षयरोगाचे प्रमाण जास्त असल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले. जिथे साडीचे माप सुटले आणि कंत्राटदाराचे माप आले, तिथे घर मिळूनही श्वास कोंडला. याउलट पुण्याच्या येरवड्यात २००९ नंतर काही वस्त्यांत कोणालाही न हलवता, ज्याच्या त्याच्या जागेवरच पक्की घरे बांधली गेली. कुटुंबाने दहा टक्के भरायचे, घर सुमारे २७० चौरस फुटांचे, आणि आराखडा निवडताना घरच्यांना विचारायचे. तिथेही महिला मिलनच्या बायका पुढे होत्या.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या समाजासाठी रमाई आवास योजना आहे, आदिवासी बांधवांसाठी शबरी योजना आहे, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. क्षेत्रफळ कमीत कमी २६९ चौरस फूट. नियमात लिहिले आहे की घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे मंजूर व्हावे. म्हणजे भायखळ्याच्या बायकांनी ज्यासाठी वर्षे घालवली, त्यातले बरेच आपल्याला कागदावर तयार मिळते. तरी आपली घरे का अडतात? पैसे हप्त्याने येतात आणि घर लिंटेलपर्यंत येऊन थांबते, हे खरे. कचेऱ्यांत हेलपाटे पडतात, हेही खरे. पण त्याच्या आधी आपलेच कागद अपुरे असतात. वारस नोंद नाही. घरपट्टीची पावती नाही. आधारवर एक नाव, उताऱ्यावर दुसरे. आणि कागद कुठे आहेत हे घरच्या बाईला ठाऊक नाही, कारण ते पुरुषाच्या पेटीत.

आक्कांच्या प्रश्नानंतर आम्ही महिला मंडळाच्या बहिणींना घेऊन वस्तीची मोजणी केली. शंभर पानी वही, पट्टीने आखलेले रकाने: घर कोणत्या मातीचे, माणसे किती, नमुना आठचा उतारा कोणाच्या नावे, घरपट्टी भरलेली की थकलेली, नळ, संडास, आणि शेवटचा रकाना, 'बाईच्या नावावर काय'. दोन रविवार लागले. लिहिणाऱ्या दोघी दहावी पास सुना. मी फक्त रकाने आखून दिले. वही पूर्ण झाली तेव्हा शेवटचा रकाना बहुतेक कोरा होता. त्या कोऱ्या रकान्याकडे बघत आमच्या मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "दादा, हाच आपला पुढचा कार्यक्रम."

मग पाच-सहा बायका मिळून आक्कांबरोबर ग्रामपंचायतीत गेल्या. मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र, मुलांच्या सह्या. एकटी बाई गेली की 'उद्या या' ऐकून परत येते. सहाजणी गेल्या की खुर्चीवरचा माणूस निदान कागद हातात घेतो. वेळ लागला, पण उताऱ्यावर नोंद झाली. अर्ज चौथ्यांदा गेला आहे. यादीत नाव अजून आलेले नाही, म्हणून मी पेढे वाटले नाहीत. पण नव्या उताऱ्याची प्रत आक्कांनी विहारात आणली, सर्वांना दाखवली आणि आपल्या नावावर बोट ठेवून विचारले, हेच ना? वाचता येत नाही, पण त्या जागी बोट बरोबर पडले.

माता-भगिनींनो, वाचून बाजूला ठेवू नका. या रविवारी चार गोष्टी करा. पहिली, घरातले सगळे कागद एका पिशवीत काढा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईला आणि थोरल्या मुलीला ठाऊक असू द्या. दुसरी, उतारा मेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर वारस नोंदीचा अर्ज टाका. घरकुलाची यादी येईल तेव्हा बघू, असे म्हणू नका. तिसरी, तुमच्या गल्लीची वही करा. चौथी, रोजचे दहा रुपये बाजूला टाका. वर्षाचे ३,६५० होतात. त्यात घर होत नाही, हे मी कारकून म्हणून सांगतो. पण हप्ता अडला आणि भिंत लिंटेलला थांबली, तर वीस घरांचे वर्षाचे ७३,००० रुपये एकमेकींच्या उपयोगी पडतात. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा शेजारणीच्या दारात जाणे बरे.

आणि पुरुष बांधवांनो, तुम्हाला एकच सांगणे. आज घरी गेल्यावर पेटी उघडा आणि बायकोला विचारा, "तुझ्या नावावर काय आहे?" उत्तर आले नाही तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

जयभीम!